मैदानावर आपली मुले, टेबलामागे कोण? क्रीडा व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणाविषयी

जालना जिल्ह्यातील मंठा, परतूर, घनसावंगी भागातील वस्त्यांमध्ये काम करताना एक प्रश्न आम्हाला सतत विचारला जातो. "पोरगी खो-खोत राज्यापर्यंत खेळून आली. बी.ए. झालं. आता पुढं काय?"

मागच्या वर्षी अशाच एका मुलीने 'क्रीडा व्यवस्थापन, नोकरीची हमी' अशी जाहिरात पाहून एका खासगी संस्थेत पदविकेला प्रवेश घेतला. पहिला हप्ता वडिलांनी ऊसतोडीच्या उचलीतून भरला. नंतर कळले की तो अभ्यासक्रम शिष्यवृत्तीच्या यादीतच नाही. भरलेले पैसे परत मिळाले नाहीत आणि वर्षही गेले. आम्हीही तिला वेळेवर सांगू शकलो नाही, कारण या क्षेत्राची आम्हालाच नीट माहिती नव्हती. म्हणून हा लेख.

हे शिक्षण नेमके कशाचे?

खेळाशी संबंधित तीन वाटा आहेत आणि आपल्याकडे त्यांची नेहमी गल्लत होते. शाळा-महाविद्यालयात खेळ शिकवायचा असेल तर बी.पी.एड. आणि एम.पी.एड. प्रशिक्षक व्हायचे असेल तर १९६१ साली सुरू झालेल्या पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची (एनआयएस) पदविका. तिसरी वाट क्रीडा प्रशासनाची.

जिल्हास्तरीय कबड्डी स्पर्धा डोळ्यासमोर आणा. मैदान कोणी आरक्षित केले? पंचांचे मानधन, मुलींची राहण्याची सोय, पिण्याचे पाणी, रुग्णवाहिका, विमा, निवड समितीचे नियम, जमाखर्चाचा हिशेब हे कोण पाहते? या कामाचे शास्त्रशुद्ध शिक्षण म्हणजे क्रीडा व्यवस्थापन. त्यात अर्थसंकल्प, क्रीडा संकुलाची देखभाल, करार व कायदे, प्रायोजकत्व, उत्तेजक द्रव्यांविषयीचे नियम आणि खेळाडूंची सुरक्षितता हे विषय येतात. परदेशात त्याला मनोरंजन आणि फावल्या वेळाच्या सोयींचीही जोड असते. म्हणजे उद्याने, व्यायामशाळा, ज्येष्ठांसाठी आणि मुलांसाठी उपक्रम. अमेरिकेतील ओहायो विद्यापीठाने १९६६ साली क्रीडा प्रशासनाची पदव्युत्तर पदवी सुरू केली. आपल्याकडे हे शिक्षण बऱ्याच उशिरा आले.

आपल्याला त्याचे काय?

उत्तरासाठी पळवणकर बाळू यांच्याकडे पाहावे लागेल. १८७६ साली चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात महिना ४ रुपये पगारावर खेळपट्टी तयार करत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करत. हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण चहा त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले, तेही बऱ्याच संघर्षानंतर. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पराभूत झाले. तो राजकीय मतभेद वेगळा. मुद्दा असा की मैदानावरचा निकाल बाळूंच्या हातात होता, पण कर्णधार कोण हे ठरवणारी समिती त्यांच्या हातात नव्हती.

आजही खेळाडूचे भवितव्य निवड, निधी आणि मैदानाचे वेळापत्रक यांवर ठरते. २०२५ साली संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि तंटे सोडवण्यासाठी क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. राष्ट्रीय महासंघांच्या कार्यकारिणीत किमान ४ महिला असाव्यात असेही त्यात आहे. नियम जाणणाऱ्या माणसांची गरज यापुढे वाढेल. त्या माणसांत आपली मुले-मुली असावीत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

कुठे शिकता येते?

पुण्यात सिंबायोसिसच्या क्रीडा विज्ञान विभागात क्रीडा व्यवस्थापनाचे एमबीए आहे. मुंबईत माजी कसोटीपटू नीलेश कुलकर्णी यांनी २०१० मध्ये क्रीडा व्यवस्थापनाची स्वतंत्र संस्था सुरू केली. या दोन्ही वाटा खर्चिक आहेत. पुण्यातील बालेवाडी येथे आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ उभारण्याचा कायदा राज्याने २०२० मध्ये केला, त्याच्या प्रवेशांकडे लक्ष ठेवावे.

कमी खर्चाची वाट म्हणजे आधी बी.पी.एड. व एम.पी.एड. दोन्ही दोन-दोन वर्षांचे असून प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतो. एम.पी.एड.मध्ये क्रीडा व्यवस्थापनही शिकवले जाते. अमरावतीचे १९१४ पासूनचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ शारीरिक शिक्षणासाठी प्रसिद्ध आहे. आपल्या जवळ, छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. जालन्याहून ते साधारण ६० किलोमीटरवर आहे. एकदा जाऊन तिथले काम पाहून यावे.

पैशाचे गणित

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये. अर्ज महाडीबीटीवर करावा लागतो. वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजनेतून पुणे-मुंबईत वर्षाला ६० हजार, छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात ५१ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. परदेशी जाणाऱ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी ७५ जागा. मात्र तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट आहे. खेळाच्या शिक्षणात नावाजलेले विद्यापीठ एकूण क्रमवारीत मागे असू शकते, हे अर्जापूर्वी तपासा.

प्रवेश घेण्याआधी संस्थेला तीन गोष्टी लेखी विचारा:

१. पदवी कोणत्या विद्यापीठाची?
२. अभ्यासक्रम महाडीबीटीच्या यादीत आहे का?
३. प्रवेश केंद्रीभूत फेरीतून आहे की व्यवस्थापन कोट्यातून?

व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला शिष्यवृत्ती मिळत नाही. उत्तर तोंडी मिळाले तर पैसे भरू नका. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची वाट न पाहता करून ठेवा. आमच्या पाहण्यात सर्वाधिक प्रवेश याच कागदावर अडतात.

नोकरीचे खरे चित्र

या पदवीने नोकरीची हमी मिळत नाही. खासगी लीग, अकादमी, स्पर्धा आयोजन करणाऱ्या कंपन्या बहुतेक मोठ्या शहरांत आहेत आणि सुरुवातीचा पगार बेताचा असतो. शासनात तालुका व जिल्हा क्रीडा अधिकारी ही पदे आहेत. तिथे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला महत्त्व आहे, त्यामुळे केवळ एमबीए करण्यापूर्वी भरतीच्या जुन्या जाहिरातीतील पात्रता वाचा. शासकीय नोकरीतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षणही विसरू नका, स्पर्धांची प्रमाणपत्रे जपून ठेवा.

जालन्याचा विजय झोल २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. म्हणजे आपल्या जिल्ह्यातून खेळाडू घडतात. ते घडवणारी व्यवस्था चालवणारेही इथूनच निघू शकतात.

ती मुलगी यंदा बी.पी.एड.च्या सीईटीची तयारी करते आहे. या वेळी सगळी कागदपत्रे आम्ही तिच्यासोबत बसून तपासली. आपल्या वस्तीतही अशी एखादी खेळाडू असेल. तिचा सत्कार जरूर करा, पण हारतुऱ्यांच्या खर्चातून आधी तिचा सीईटीचा अर्ज भरा.