साडेतीन पीठं आणि एक झिप फाइल
आमच्या राजूरचा गणपती म्हणजे गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक. माझ्या ई-लर्निंगच्या धंद्यातही मानकांची साडेतीनच पीठं: एआयसीसी, स्कॉर्म, एक्सएपीआय आणि सीएमआय-फाइव्ह. शेवटचं अर्धं, कारण ते एक्सएपीआयच्याच आधारावर उभं आहे. गेली काही वर्षं मी गावातच बसून शहरातल्या कंपन्यांना धडे बांधून देतो. नवं काम आलं की पहिला प्रश्न ठरलेला, पॅकेज कशात द्यायचं?

सुरुवातीला उत्तरही ठरलेलं असायचं, स्कॉर्म १.२. अमेरिकी संरक्षण खात्याच्या एडीएल उपक्रमातून ऑक्टोबर २००१ मध्ये आलेलं हे मानक. (विमान उद्योगाची एआयसीसी समिती १९८८ ची, ती २०१४ मध्ये विसर्जित झाली.) धड्याची झिप करायची, आत मॅनिफेस्ट, म्हणजे आतल्या मजकुराची यादी, ठेवायचं, गिऱ्हाइकाच्या एलएमएसवर, म्हणजे धडे चालवणाऱ्या प्रणालीवर, चढवायची. स्कॉर्म २००४ मीही हाताळलं, पण धडे कुठल्या क्रमाने उघडावेत याच्या नियमांत इतकी गुंतागुंत की गिऱ्हाईक स्वतःच म्हणायचं, जुनंच द्या.

जुन्यात मराठीने मात्र घाम फोडला. विद्यार्थी कुठवर आला, काय लिहिलं, हे जपायला १.२ मध्ये जागा फक्त ४०९६ अक्षरांची. आमचा प्लेअर खबरदारी म्हणून मजकूर एन्कोड करायचा, आणि त्यात देवनागरीच्या एका 'क'ची होतात नऊ अक्षरं. म्हणजे साडेचारशेच्या आसपास अक्षरांत कोठी भरली! इंग्रजी धडा सुरळीत चालायचा. मराठी अर्ध्यात अडायचा आणि पुन्हा उघडला की पहिल्या पानावर. चार दिवस मी एलएमएसला शिव्या घातल्या, दोष आमच्याच प्लेअरचा होता. शेवटी उत्तराचा मजकूर न साठवता पर्यायाचा नुसता क्रमांक साठवू लागलो.

एप्रिल २०१३ मध्ये एक्सएपीआय १.० आलं. त्याआधी त्याला टिन कॅन म्हणायचे. त्यातली नोंद म्हणजे शाळेतलं व्याकरणच: कर्ता, क्रियापद, कर्म. धडा ब्राउझरबाहेरही चालतो, वीज किंवा नेट गेलं तर नोंदी मोबाइलमध्ये थांबवून नंतर पाठवता येतात. राजूरला याहून सोयीचं काय असणार? पण नोंदी घ्यायला एलआरएस, म्हणजे नोंदींचं वेगळं भांडार, लागतं, त्याचा खर्च वेगळा, आणि तो शब्द काढला की पलीकडे शांतता. २०१६ मध्ये सीएमआय-फाइव्हने धडा सुरू कसा करायचा ते नेमकं ठरवून दिलं, तरी मागणी तुरळकच. एलटीआय या जोडणीच्या मानकाची वाट निराळी, तिथे धडा आपल्याच सर्व्हरवर राहतो. गावात सर्व्हर कोण सांभाळणार, म्हणून मी तिकडे वळलोच नाही.

दरम्यान सरकारचं शालेय शिक्षणाचं व्यासपीठ 'दीक्षा' २०१७ मध्ये सनबर्ड या सॉफ्टवेअरवर उभं राहिलं. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलवर धरणाऱ्या आमच्या गुरुजींना यातलं एकही नाव माहीत असायची गरज पडली नाही. आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद झालं तेव्हा माझ्या जुन्या पॅकेजांची मॅनिफेस्टं शाबूत होती, आतले फ्लॅशमधले धडे गेले.

एका अंगारकीला मुद्दाम एक्सएपीआयची चाचणी घेतली. यात्रेच्या गर्दीत नेटवर्क कोलमडलेलं. त्याच्या प्रत्येक नोंदीत दोन वेळांची माहिती असते, घटना घडली ती आणि नोंद पोचली ती. माझ्या नोंदीत धडा संपल्याची वेळ सकाळी ११:१२, पोचल्याची रात्री ९:४०. एकही नोंद गळाली नव्हती. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला ते दाखवलं. ऑर्डर आली स्कॉर्म १.२ ची.