पाखरांचा शेजार, लेखांक ६ : बाळंतिणीच्या खोलीचा बंदोबस्त

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या वाटेने निघाले म्हणजे ओरत्तनाडु हे गाव लागते, आणि दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या प्रिय मुक्तांबेच्या स्मरणार्थ एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी बांधविलेले छत्र तेथे आजही उभे दिसते. रामेश्वराच्या यात्रेकरूंस अन्न आणि आसरा देणारी अशी कित्येक छत्रे भोसल्यांच्या अमलात या मुलखात होती. त्यांच्या उत्पन्नास कंपनी सरकारचा हात लागू नये म्हणून सरफोजींनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटास जे पत्र लिहिले, त्यात इतर धर्मकृत्यांबरोबर हेही नमूद आहे की, छत्रात प्रसूत झालेल्या स्त्रीची शुश्रूषा, औषध व पथ्याचे अन्न छत्राच्या खर्चाने होते, आणि बाळंतिणीस तीन महिने तेथेच राहण्याची मुभा असते. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार हातून गेलेल्या राजाने जे उरले त्यातून जपण्यासाठी निवडले, त्यात बाळंतिणीची खोली होती, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

या पत्राची आठवण मला त्याच गावी, आमच्या आप्तांच्या घरच्या ओसरीवर, एका सकाळी फार तीव्रतेने झाली. मागील लेखांकात वर्णिलेली, ३२ मिलिमीटर व्यासाच्या भोकाची चिमणीची पेटी मी स्वहस्ते तेथे खांबावर ठोकली होती, चिमणीने ती पसंत करून आत अंडीही घातली होती; आणि त्या सकाळी खांबाच्या पायथ्याशी टरफलांचे तुकडे पडले होते, तुळईवर खार बसली होती, व चिमणीचा जोडा पेटीच्या तोंडाशी येऊन पुनःपुन्हा मागे फिरत होता. खारीला मी दोष देत नाही. खांबावर जाईचा वेल चढलेला होता आणि तो पेटीला टेकला होता. म्हणजे शत्रूसाठी जिना मीच बांधून ठेवला होता.

तेव्हा बंदोबस्ताचे पहिले कलम वाटेसंबंधी आहे. खार, उंदीर, मांजर आणि धामण ही सारी चढून येणारी जनावरे. कावळा, भारद्वाज आणि टकाचोर हे उडून येणारे. चिमणीच्या पेटीचे भोक लहान ठेवल्याने उडून येणाऱ्यांचा बराचसा प्रश्न सुटतो, मात्र भोकाखाली बसण्यासाठी दांडी लावण्याची जी हौस असते ती सोडून द्यावी, कारण चिमणीला तिची गरज नसते आणि कावळ्याला ती सोयीची होते. चढून येणाऱ्यांना मात्र भोकाचा आकार पुरेसा अडसर होत नाही. उंदीर तेवढ्या भोकातून सहज आत शिरतो आणि खार लाकूड कुरतडून भोक मोठे करते, म्हणून भोकाभोवती पत्र्याची चकती ठोकावी. पेटी खांबावर किंवा खडबडीत भिंतीवर न ठोकता ओसरीच्या छतापासून बारीक तारेने टांगावी, तारेवर पत्र्याचा रुंद उपडा शंकू बसवावा, आणि दोन मीटरच्या आत वेल, फांदी, दोरी, शिडी यांपैकी काही राहू देऊ नये.

झाडाच्या खोडाचे संरक्षण कसे करावे हे शिकण्यासाठी कावेरीच्या या प्रदेशात दूर जावे लागत नाही. नारळाच्या बागाईतदारांनी उंदरांपासून फळे वाचविण्यासाठी खोडाभोवती गुळगुळीत पत्रा गुंडाळण्याची जी तजवीज फार पूर्वीपासून केली आहे, तीच घरट्याच्या झाडास लागू पडते: साधारण पुरुषभर उंचीच्या वर, हातभर रुंदीचा पत्रा, खिळ्यांनी न ठोकता तारेने सैल बांधलेला, म्हणजे खोड वाढताना त्यास काच बसत नाही. परंतु शेजारच्या झाडाची झावळी टेकत असेल तर सारा खटाटोप व्यर्थ होतो. नोव्हेंबर २०१८ च्या गजा चक्रीवादळाने ओरत्तनाडु व पट्टुकोट्टै भागातील असंख्य नारळ आडवे केले. जेथे उंच वृक्षच उरले नाहीत, तेथे अंगणातल्या एकेका झाडाची किंमत पाखरांच्या दृष्टीने किती वाढली असेल, याचा विचार वाचकांनी करावा.

आता शिंपी आणि बुलबुल यांची गोष्ट निराळी. शिंपी पक्षी जिवंत पाने शिवून जमिनीपासून हातभर उंचीवरही घर करतो; त्याला पत्रा कोठे लावणार? तेथे भोवती लिंबाच्या काटेरी फांद्या सैल पसराव्यात, घरचे मांजर निदान पहाटे व तिन्हीसांजेस कोंडून ठेवावे, आणि स्वतः वारंवार डोकावू नये. माणसाचा वास लागला की पक्षी पिले टाकतात हा समज खरा नाही. खरा धोका असा की, आपण कोठे वाकून पाहतो याची नोंद कावळा फार काळजीपूर्वक घेत असतो. या शास्त्रात सुगरणीइतका थोर आचार्य मला दुसरा दिसत नाही: ताडाच्या झावळीच्या टोकास, बहुधा पाण्यावर लोंबणारे, खालून नळीवाटे प्रवेश असलेले तिचे घर म्हणजे आपल्या टांगत्या पेटीचा मूळ नमुनाच होय.

जनावरांना मारण्याची सूचना काही वाचकांनी केली आहे. ती मला मान्य नाही. मुंगूस व धामण यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे अभय आहे, आणि धामण नाहीशी झाली म्हणजे उंदीर माजतात. भातशेतीत उंदरांसाठी लावतात तो बांबूचा धनुष्याकार सापळा ‘तंजावर किट्टी’ म्हणून प्रसिद्ध आहे. तो शेतातच शोभतो, कारण अंगणात त्यात चिमणीही सापडेल. विष तर मुळीच घालू नये. विष खाल्लेला उंदीर घुबड खाते आणि तेही मरते. त्यापेक्षा धान्याची कोठी झाकावी, खरकटे रात्री उघड्यावर टाकू नये.

त्या आप्तांकडे मी पेटी पुन्हा लावली, या वेळी टांगती, आणि जाईचा वेल दुसऱ्या खांबावर वळविला. चिमणी साधारण ११ ते १४ दिवस अंडी उबविते आणि पुढे १४ ते १६ दिवसांत पिले उडतात. छत्रातल्या बाळंतिणीस तीन महिन्यांची मुदत होती. आपल्याकडे मागणे आहे ते एका महिन्याचे.

पुढील लेखांकी पाण्याच्या थाळीचा विचार करू.