पाठ केलेला शब्द कां विसरतो?

परक्या भाषेचा अभ्यास करणाऱ्याची एक तक्रार ठरलेली असते. रात्रीं पन्नास शब्द घोकावे, ते सारे आले असें वाटावें, आणि आठवड्यानें पाहावें तों त्यांतले पांचदहाच हातीं उरावे! मग तो स्मरणशक्तीला बोल लावतो व कित्येकदां अभ्यासच सोडून देतो. वस्तुतः दोष बहुधा स्मरणशक्तीचा नसून पद्धतीचा असतो.

विस्मरणाची गति मोजतां येते, हें हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानें दाखविलें. अर्थाचा आधार मिळूं नये म्हणून त्यानें निरर्थक अक्षरसमूह रचले, ते स्वतः पाठ केले, आणि कांहीं काळानें तेच पुन्हां पाठ करतांना किती श्रम वांचतात तें मोजलें. १८८५ सालच्या त्याच्या ग्रंथांत दोन गोष्टी आढळतात. पाठांतराचा मोठा भाग पहिल्या कांहीं तासांतच ओसरतो. पुढें ही झीज मंदावते. शिवाय, एका दिवसांत ६८ आवृत्त्या करून जें साधलें, तेंच तीन दिवसांत वांटून केलेल्या ३८ आवृत्त्यांनीं साधलें.

परंतु उजळणी म्हणजे पुन्हां वाचणें नव्हे. कार्पिके व रोडिगर या अमेरिकन संशोधकांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द अर्थांसह शिकविले. एकदां आलेला शब्द कांहींनीं पुढें नुसता वाचला. इतरांनीं अर्थ झांकून आठवून पाहण्याचा क्रम चालूं ठेवला. आठवड्यानंतर आठवून पाहणाऱ्यांना शेंकडा सुमारें ८० शब्द आले, वाचणाऱ्यांना त्याच्या निम्मेहि नाहींत. नवल असें कीं, आपणांस किती आठवेल याविषयींचा दोन्ही गटांचा अंदाज सारखाच होता! वाचतांना शब्द ओळखीचा वाटतो, आणि त्या ओळखीलाच मनुष्य ज्ञान समजतो.

आपल्याकडे पाठशाळेंतला विद्यार्थी अमरकोश मुखोद्गत करी, तेव्हां पद्याची लय आणि स्वर्गवर्ग, भूमिवर्ग, वनौषधिवर्ग अशी विषयवार रचना त्याच्या साह्यास येई. आणि पोथी मिटून म्हणणें यांत आठवून पाहणें आलेंच. शब्दांचें कुळ ओळखणें हाहि असाच आधार. ‘श्रवण’ ठाऊक असलें कीं श्रोता, श्रुति, बहुश्रुत हे शब्द फारसे परके राहत नाहींत.

घरच्या अभ्यासाला सेबास्टियन लाइटनर यानें १९७२ सालीं सांगितलेली पेटी सोयीची आहे. चिठ्ठीच्या एका बाजूस शब्द, दुसऱ्या बाजूस अर्थ लिहावा. अर्थ आठवला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यांत जाते व अधिक दिवसांनीं पुढें येते. चुकला तर पहिल्या कप्प्यांत परतते. अशा रीतीनें अडणाऱ्या शब्दांवरच अधिक वेळ खर्च होतो. रोज दहा शब्द घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशीं वही उघडण्यापूर्वीं आदल्या दिवसाचे आठवून पाहावे. आठवतांना क्षणभर अडलें तर खंत करूं नये. तो अडखळण्याचा क्षणच शब्द पक्का करीत असतो.