लाभ कोणाचा, खर्च कोणाचा?

दुकानदार आपल्या धंद्याचा हिशेब मांडतो तेव्हा गल्ल्यात आले किती आणि गेले किती, एवढेच त्याला पाहावे लागते. सरकार धरण किंवा पूल बांधते तेव्हा मात्र गल्ल्याचा हिशेब अपुरा पडतो. झ्यूल द्युप्युई या फ्रेंच अभियंत्याने १८४४ सालीच दाखवून दिले की, पुलावर जमा होणारा पथकर म्हणजे पुलाची उपयुक्तता नव्हे. ज्याची याहून अधिक पैसे मोजण्याची तयारी होती त्याला मिळालेली सवड हीदेखील समाजाची कमाईच होय. लाभ-व्यय विश्लेषणाच्या शास्त्राचे बीज या विचारात आहे. अमेरिकेच्या १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्याने त्याला सरकारी दफ्तरात स्थान दिले. लाभ कोणाच्याही पदरात पडो, तो अंदाजित खर्चाहून अधिक असला म्हणजे योजना हाती घेण्याजोगी, असा तो दंडक होता. ‘कोणाच्याही’ या शब्दात या शास्त्राचे सामर्थ्य आहे, आणि मेखही तेथेच आहे.

सामर्थ्याचे उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. पाणीपट्टीच्या उत्पन्नातून भांडवलावरचे व्याज सुटते की नाही, या कसोटीवर ब्रिटिश अमदानीत कालवे जोखले जात. धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या परिसराची पाहणी करून, सिंचनाचे परिणाम तिजोरीबाहेर शेतात आणि बाजारात शोधले. पुण्याच्या गोखले संस्थेने तो ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध केला. पुढे देशातील पाटबंधारे योजनांसाठी लाभ व व्यय यांचे किमान १.५ हे गुणोत्तर ठरले, आणि अवर्षणप्रवण भागांसाठी ते १ पर्यंत शिथिल झाले. नुसत्या तिजोरीच्या हिशेबाने दुष्काळी तालुक्यांना पाणी कधीच मिळाले नसते.

आता मेखेकडे वळू. भविष्यातील लाभ आजच्या किमतीत आणण्यासाठी वटावाचा दर लावतात. तीस वर्षांनी मिळणाऱ्या हजार रुपयांचे आजचे मोल दर ५ टक्के धरल्यास सुमारे २३१ रुपये, आणि १० टक्के धरल्यास अवघे ५७ रुपये! म्हणजे नातवंडांचे हित किती मोजायचे, हे एका टक्केवारीने परस्पर ठरून जाते. दुसरी अडचण बाजारभावाची. लंडनच्या तिसऱ्या विमानतळासाठी १९६८ साली नेमलेल्या रॉस्किल आयोगाने विमानांच्या गोंगाटाची हानी घरांच्या उतरणाऱ्या किमतींवरून मोजली. हा मापदंड कोठेही लावला, तरी श्रीमंताच्या बंगल्यावरचा गोंगाट महाग ठरतो आणि गरिबाच्या खोपटावरचा स्वस्त! आयोगाने सुचवलेली जागा अखेर सरकारनेच १९७१ साली नाकारली.

सर्वांत अवघड प्रश्न वाटणीचा. ज्यांना लाभ झाला त्यांनी तोटा सोसणाऱ्यांची भरपाई करूनही त्यांच्याजवळ काही उरत असेल, तर योजना योग्य, असे कॅल्डॉर व हिक्स यांनी १९३९ साली मांडले. भरपाई करता आली पाहिजे, एवढेच त्यांना पुरे होते; ती प्रत्यक्ष दिलीच पाहिजे असे नाही. कागदावर ही सोय मोठी आहे. पण कोयनेच्या पाण्यावर तयार झालेली वीज कारखान्यांना आणि शहरांना मिळाली, आणि गावे मात्र शिवसागर जलाशयाच्या पाण्याखाली गेली. या दोन्ही गोष्टी एकाच अपूर्णांकाच्या वर आणि खाली लिहिता येतात. घर सोडून उठणाऱ्या शेतकऱ्याला त्या तशा लिहिता येत नाहीत.

महाराष्ट्राने १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा करून ही कॅल्डॉर-हिक्सची ‘करता येणारी’ भरपाई ‘करावयाची’ भरपाई बनवण्याचा प्रयत्न केला. लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदारांच्या जमिनीचा काही भाग घेऊन तो विस्थापितांना द्यावा, हे त्याचे सूत्र. १९८६ आणि १९९९ च्या कायद्यांतही ते कायम राहिले. अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून सहसा न आढळणारी ही तरतूद आहे. तिच्या अंमलबजावणीची कहाणी मात्र निराळी. अनेक प्रकल्पांत पाणी लाभक्षेत्रात पोचले, ऊस उभा राहिला. आणि विस्थापितांच्या वाट्याची जमीन वर्षानुवर्षे तलाठ्याच्या दप्तरातच राहिली.