मालीश फक्त बाळंतिणीलाच का?

तेल लावायला येणाऱ्या मावशी आधी तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवतात, मग हात धुतात आणि गार असतील तर एकमेकांवर चोळून कोमट करून घेतात. सुरुवात तळपायापासून. पोटऱ्या, गुडघे, मांड्या. मग बाळंतीण कुशीवर वळते आणि कंबरेपासून खांद्यापर्यंत मणके सोडून दोन्ही बाजूंनी अंगठे वर सरकतात. बाळाला पाजताना मान सतत वाकलेली असते, त्यामुळे मानेच्या मुळाशी स्नायू ताठरलेले असतात. तिथे हात थांबतो, दाबतो, पुन्हा फिरतो. बोलणं साधारण इथेच सुरू होतं. ‘रात्री झोपू दिलं का गं त्यानं?’ एवढाच प्रश्न. बाळंतिणीचं तोंड भिंतीकडे असतं, चेहरा कुणाला दिसत नाही, उत्तराची घाई नसते. सासूला, आईला, नवऱ्याला न सांगितलेलं अशा वेळी बाहेर पडतं: दूध पुरत नाही ही भीती, बाळाकडे पाहून काहीच वाटत नाही ही अपराधी भावना, मुलगी झाली म्हणून घरात धरलेला अबोला. घरातले याला मालीश म्हणतात आणि मालीशचेच पैसे देतात. माझ्या मते यातला निम्मा भाग मनाच्या शुश्रूषेचा आहे, आणि तो अंगाला हात लावल्याशिवाय होतच नाही.

यामागे शरीराचं शास्त्रही आहे. हातांवर, पाठीवर, मांड्यांवर, म्हणजे जिथे बारीक लव असते त्या त्वचेत, संदेश सावकाश वाहून नेणारे काही मज्जातंतू असतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरणाऱ्या, हलक्या आणि कातडीइतक्या उबदार स्पर्शाला हे तंतू सर्वांत चांगला प्रतिसाद देतात, आणि स्पर्शाचं सुख जाणवण्यात त्यांचा वाटा असतो. मालीशने नैराश्य बरं होतं असं यावरून सिद्ध होत नाही, आणि तसा दावा मला करायचाही नाही. पण तेल कोमट करणारा, घाई न करणारा हात आणि तपासणीच्या टेबलावर घाईघाईने पोट चाचपणारा हात शरीराला सारखे वाटत नाहीत, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

आपल्याकडे हा हात बाळंतिणीच्या सव्वा महिन्यापुरताच राखून ठेवला जातो, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात केलेला, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे आठवावा. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत निवडलेल्या बायकांपैकी २३ टक्के जणींना बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य होतं. त्याहून महत्त्वाचा आकडा पुढचा आहे: या आजारी बायकांपैकी ७८ टक्के जणींचं मन बाळंतपणाच्या आधीच, गरोदरपणातच, खचलेलं होतं. गरिबी, नवऱ्याचा त्रास आणि मुलगाच हवा हा आग्रह ही कारणंही त्यात दिसली. म्हणजे मावशी पहिल्यांदा उंबऱ्यात येतात तेव्हा त्यातल्या बहुतेक जणींचं दुखणं जुनं झालेलं असतं. आधार बाळाच्या जन्मानंतर सुरू करायचा, हा हिशेबच उशिराचा आहे.

आणखी मागे गेलं तर वंध्यत्वाच्या उपचारांत असलेल्या बाईपर्यंत पोहोचतो. आयव्हीएफमध्ये दहाएक दिवस रोज पोटात इंजेक्शन घ्यावं लागतं, दर दोन-तीन दिवसांनी आतून सोनोग्राफी होते, मग भूल देऊन सुईने बीजं काढतात. गर्भ आत सोडल्यानंतर अनेकींना प्रोजेस्टेरॉनची तेलातली इंजेक्शनं घ्यावी लागतात; ती नितंबात देतात, औषध दाट असतं, आणि काही दिवसांत दोन्ही बाजूंना दुखऱ्या गाठी येतात, बसणं अवघड होतं. त्यानंतर रक्ततपासणीपर्यंत सुमारे दोन आठवड्यांची वाट. या सगळ्या काळात तिच्या अंगाला लागणारा जवळपास प्रत्येक हात काही तरी मोजायला, टोचायला, काढायला लागलेला असतो. नवराबायकोची जवळीकसुद्धा महिनोन्‌महिने तारखांवर चाललेली असते. आपल्याच शरीराने दगा दिला असं मानणाऱ्या बाईला ‘धीर धर’ म्हणून काय मिळणार? तिचे तळपाय, हात, डोकं, पाठ कुणी रोज अर्धा तास सावकाश चोळून दिलं, तर निदान तेवढा वेळ तिच्या शरीराकडून कुणाची काही अपेक्षा नसते. इथे पोटाला मात्र हात लावायचा नाही. औषधांनी अंडाशयं सुजलेली असतात आणि ती पिळली जाण्याचा धोका असतो. आणि गर्भ राहावा म्हणून मालीश विकणारं कुणी भेटलं तर त्यांना पैसे देऊ नयेत. हा हात बाईसाठी आहे, निकालासाठी नव्हे.

मूल गमावलेल्या बाईच्या बाबतीत तर आपण अधिकच निष्ठुर वागतो. पाचव्या-सहाव्या महिन्यात गर्भ गेला तर दोन-चार दिवसांनी छातीत दूध उतरतं. बाळ नाही आणि छाती दगडासारखी कडक. अंगावरून जात असतं, पोट सैल पडलेलं असतं, कंबर दुखत असते. शरीर पूर्ण बाळंतीण झालेलं असतं. थंड कापडाच्या घड्या ठेवायला, दूध सारखं पिळून काढू नकोस असं समजवायला, पाठीवर हात फिरवायला तेव्हा माणूस हवं. पण ठरवलेल्या मावशींना ‘आता येऊ नका’ असा निरोप जातो, कारण बाळच नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली; ज्या बाईच्या हाती बाळ नाही तिच्याही शरीराला विसावा लागतो, हे कायद्याला कळलं. घराला ते कळलेलं नाही.

प्रसूतीच्या खोलीतला पुरावा सर्वांत भक्कम आहे. कळा सुरू असताना एक माणूस सतत सोबत राहिलं तर काय होतं, याचा कॉक्रेन संस्थेचा २०१७ चा आढावा १७ देशांतल्या १५,८५८ बायकांच्या माहितीवर बेतलेला आहे. नैसर्गिक प्रसूती वाढल्या, सिझेरियन कमी झालं, कळांचा वेळ थोडा घटला, आणि अनुभव वाईट गेला असं सांगणाऱ्या बायका कमी झाल्या. ही सोबत म्हणजे नुसतं उशाशी बसणं नव्हे. कळ चढू लागली की तळहाताचा मनगटाकडचा भाग कंबरेखालच्या सपाट हाडावर घट्ट दाबून धरायचा आणि कळ ओसरेपर्यंत सोडायचा नाही. मधल्या वेळात खांदे सैल सोडायला लावायचे, पाणी द्यायचं. नवरासुद्धा हे शिकू शकतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला मान्यता दिली, पण खाटांमध्ये पडदेच नसतील तर ही सोबत कागदावरच राहते.

डॉक्टरांचे आक्षेप रास्त आहेत आणि ते मला मान्य आहेत. बंद खोलीतली शेगडी आणि धुरी बाळाच्या फुप्फुसांना घातक आहे. सिझेरियनच्या टाक्यांवर दाब नको. एकच पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली तर ती चोळायची नाही; रक्ताची गाठ असू शकते, सरळ दवाखाना गाठायचा. पण यातला प्रत्येक मुद्दा मावशींना शिकवावा असा आहे, त्यांना बाद करावं असा नाही. दुसरा आक्षेप असा, की खरं नैराश्य असेल तर औषध आणि समुपदेशन हवं. हवंच. मात्र ते ओळखणार कोण? दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईंच्या ठरलेल्या भेटी ४२ दिवसांत सहा, आणि त्यांचा भर बाळाचं वजन, ताप, दूध यांवर. मावशी रोज येतात. आदल्या दिवशी बोलणारी बाई आज गप्प आहे, हे त्यांच्या हाताला आधी कळतं. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: काहींना स्पर्शच नको असतो. जिच्या अंगावर हात उगारले गेले आहेत तिला परका हात अंगावर आला की धडकी भरते. म्हणून आधी विचारायचं, ‘पायाला लावू का?’, आणि ‘नको’ म्हणाली तर वाटी बाजूला ठेवून नुसतं बसायचं.

आणि या मावशींचं स्वतःचं काय? बहुतेक जणी घरकामातून या कामात आलेल्या. दिवसाला चार-पाच घरं, गुडघ्यांवर बसून, अंगठे दुखेपर्यंत. मातृत्व लाभाची २६ आठवड्यांची रजा अशा असंघटित बाईपर्यंत पोहोचत नाही. तिची वेळ येते तेव्हा तेल लावायला कुणी ठरवलेलं नसतं. आशा कार्यकर्तींच्या प्रशिक्षणात सुजलेली पोटरी, टाके, न थांबणारं रडू, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणं ही धोक्याची लक्षणं ओळखायला मावशींनाही बसवावं, आरोग्य केंद्राचा एक फोन नंबर त्यांच्याकडे असावा, आणि ज्या घरात पैसे नाहीत तिथल्या फेरीचा मोबदला सरकारने द्यावा. त्या यादीत बाळ गमावलेल्या बाईचं घर आधी यावं, आणि मावशींचं स्वतःचं घरही.