डोहाची विद्या: कॅप्टन सामंत आणि नौदलाचे पाणबुडे

मराठीत पाणबुडी म्हणजे पाण्याखालून चालणारी युद्धनौका, आणि पाणबुड्या म्हणजे पाण्याखाली उतरून काम करणारा माणूस. या दोन्हींशी ज्यांच्या सेवेचा निकटचा संबंध आला, असे मराठी अधिकारी म्हणजे महावीरचक्राचे मानकरी कॅप्टन मोहन नारायण राव सामंत. सप्टेंबर १९६९ मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘करंज’ पाणबुडीचे ते पहिले कप्तान होते, आणि दोनच वर्षांनी बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात पाणबुड्या माणसांच्या गुप्त मोहिमेची सूत्रे त्यांच्याकडे आली. मार्च २०१९ मध्ये वयाच्या ८९व्या वर्षी त्यांचे निधन झाले. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वर्धा जिल्ह्यात हा विषय परका वाटणे स्वाभाविक असले, तरी धाम किंवा वर्धा नदीच्या डोहात पोहायला शिकलेल्यांना त्याचा गाभा सहज उमगेल, कारण ही मोहीम मुख्यतः नदीत पोहणाऱ्या मुलांनीच पार पाडली.

पाणबुड्याचे काम किती कठीण असते, हे पाण्याच्या दाबावरून कळते. दर दहा मीटर खोलीला शरीरावरील दाब सुमारे एका वातावरणाएवढा वाढत जातो आणि तीस मीटरवर तो जमिनीवरच्या चौपट होतो. या दाबामुळे श्वासातील नायट्रोजन रक्तात विरघळतो, आणि माणूस घाईने वर आला तर त्याचे बुडबुडे होऊन सांधे, मज्जारज्जू किंवा मेंदू यांना इजा पोहोचते. म्हणून ठरावीक खोलीवर थांबत थांबत वर येण्याचा संयम पाणबुड्याला अंगी बाणवावा लागतो. पाण्यातील सुरुंग शोधून निकामी करणाऱ्या पाणबुड्यांना नौदलात ‘क्लिअरन्स डायव्हर’ म्हणतात.

मे १९७१ मध्ये याच पाणबुड्यांनी पश्चिम बंगालमधील प्लासीजवळ, भागीरथीच्या काठी, एक गुप्त शिबिर उभारले. तेथे आलेले बंगाली तरुण बहुतांशी विद्यार्थी आणि शेतकऱ्यांची मुले होती. पट्टीचे पोहणारे असले तरी युद्धाचा अनुभव त्यांना नव्हता. पोटाला विटा बांधून त्यांना तासन्‌तास पोहायला लावले जाई, कारण पुढे विटांच्या जागी गमछ्याने बांधलेला ‘लिम्पेट’ सुरुंग येणार होता. खडकाला घट्ट चिकटणाऱ्या सागरी गोगलगायीवरून नाव पडलेला हा सुरुंग लोहचुंबकाने जहाजाच्या तळाला चिकटतो, आणि त्यासाठी तळावर साचलेला शेवाळ-शिंपल्यांचा थर आधी सुरीने खरवडावा लागतो. त्यातील पाण्यात विरघळणारी गुडदी वेळेआधी विरघळू नये म्हणून तिच्यावर कंडोम चढवले जात. आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून ठरलेले पहिले गीत वाजले की तयारी करायची आणि दुसरे वाजले की निघायचे, असा संकेत होता. त्यानुसार ऑगस्टच्या मध्यास पाकिस्तानच्या ताब्यातील चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या बंदरांत एकाच रात्री हल्ले झाले.

डिसेंबरमध्ये सामंत छोट्या नौकांचा ताफा घेऊन मोंगला आणि खुलना येथे गेले. १० डिसेंबर रोजी भारतीय विमानांनी ओळख न पटल्याने केलेल्या हल्ल्यात ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या नौका बुडाल्या. तशा स्थितीतही शत्रूच्या माऱ्याखाली सामंतांनी अनेक जखमींना पाण्याबाहेर काढले. त्याच प्रसंगी लीडिंग सीमन चिमण सिंग यांनी स्वतः जखमी असताना बुडणाऱ्या दोन सोबत्यांना काठाला आणले, त्यांना निसटता यावे म्हणून ते शत्रूच्या दिशेने धावले आणि कैद झाले. त्यांनाही महावीरचक्र मिळाले.

अशा कामावरील माणसाला आपण कोठे आहोत हे घरीही सांगता येत नाही. त्यामुळे पत्नी आणि मुले यांच्या वाट्याला केवळ वाट पाहणे येते, आणि त्यांच्या त्या धीराची नोंद पदकाच्या मानपत्रात कोठेही नसते. सामंतांनी संदीप उन्नीथन यांच्यासह लिहिलेले या मोहिमेवरील पुस्तक २०१९ मध्ये, म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, प्रसिद्ध झाले. जहाजे किती बुडवली, यावरून या माणसांची थोरवी मोजणे अपुरे आहे. गावच्या डोहात कोणी गटांगळ्या खाऊ लागला की जो चांगला पोहतो त्याने आधी उडी घ्यायची, हा कोणीही न लिहिलेला नियम त्यांनी गोळ्यांच्या वर्षावातही पाळला, आणि त्यांचे स्मरण याच नियमाच्या नावाने व्हायला हवे.