जागेवर नाही, म्हणजे नाहीच काय?

मंडळी, चिखल्याच्या मँगनीज खाणीत उतरणाऱ्या आमच्या एका सोबत्याच्या पोटात कळ आली. मुतखडा असेल म्हणून सोनोग्राफी झाली. खडा निघाला नाही. पण कागदावर शेरा आला की, उजवे मूत्रपिंड जागेवर दिसत नाही. घरी रडारड झाली. कोणी म्हणाले, पूर्वी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हाच ते काढून विकले. चार तरुण काठ्या घेऊन निघाले. मी म्हणालो, "थांबा. आधी शोधू, मग भांडू." भांडण्यातच माझे आयुष्य गेले, पण माहितीवाचून भांडणे म्हणजे दिव्यावाचून खाणीत उतरणे.

गर्भात मूत्रपिंडे प्रथम ओटीपोटात घडतात आणि सहाव्या ते नवव्या आठवड्यात वर बरगड्यांपाशी चढतात. कधी एखादे वाटेतच थांबते. कधी दोहोंची खालची टोके जुळून घोड्याच्या नालेसारखा आकार होतो. मोठ्या आतड्याला रक्त पुरवणारी रोहिणी आडवी येते आणि ही जोडी तिच्याखाली अडकते. सुमारे पाचशेंत एकाचे असे असते. क्वचित एक मूत्रपिंड पलीकडे जाऊन दुसऱ्याला चिकटते. सुमारे हजारात एकाला जन्मतः एकच असते. ते वाढून दोघांचे काम ओढते. पुष्कळांना याचा पत्ता जन्मभर लागत नाही. छातीच्या क्ष-किरण चित्रात ते कळत नाही; दुसऱ्याच कारणाने पोट तपासताना उघड होते.

मूत्रपिंडांचा चोरटा व्यापार खोटा नाही. १९९४ च्या कायद्याने अवयवांची विक्री गुन्हा ठरवली ती उगाच नव्हे. परंतु संशयाचा निवाडा सी.टी. स्कॅन आणि जुने कागद पाहून करावा. आमच्या सोबत्याचा स्कॅन झाला. मूत्रपिंड ओटीपोटात शाबूत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

तरीही गाफील राहू नये. अशा मूत्रपिंडात मूत्र तुंबून खडा किंवा जंतुसंसर्ग होऊ शकतो. एकच मूत्रपिंड असेल, तर रक्तदाब व लघवीतील प्रथिने दरवर्षी तपासावीत. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. अहवाल जपून ठेवावा आणि पोटाच्या शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना दाखवावा.

कामगारांना आणखी एक सांगतो. नोकरी जाईल या भीतीने हा कागद लपवू नका. मूत्रपिंडाचे काम नीट चालते की नाही, हे रक्त-लघवीच्या तपासणीने ठरते. नुसता शेरा हा नालायकीचा दाखला नव्हे. कोणी तसा वापरला, तर मात्र जरूर भांडू.